बोक्याला मधुमेह निघालाय: घरी सुई, साखर आणि खाणं कसं सांभाळायचं?

कोलशेत_चौथा_मजला
नमस्कार मंडळी. बोका, नाव गबरू, वय ९, नसबंदी झालेली, वजन ६.१ किलो. दोन महिन्यांपूर्वी ७ होतं. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागतं. लिटरमधले (त्याच्या शौचाच्या वाळूतले) लघवीचे गोळे लिंबाएवढे असायचे ते आता संत्र्याएवढे होतात, आणि फरशीवर सांडलेल्या लघवीला मुंग्या लागतात. दवाखान्यात साखर ३८६, लघवीत साखर भरपूर, कीटोन (चरबी जळताना होणारे घातक पदार्थ) नाहीत, फ्रुक्टोसामीन वाढलेलं. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन दिलंय, १ युनिट, दिवसातून दोनदा. शनिवारी सकाळी पहिली सुई. खाणं सध्या कोरडे दाणे आणि वर थोडं दूध. घरात आईचं ग्लुकोमीटर आहे. आम्ही दोघंही नोकरीला, आठला घर सोडतो. सुरुवात कशी करायची ते नीट सांगाल का?

खारफुटी_ऐरोली
फ्रुक्टोसामीन करून घेतलंत ते फार बरं झालं. पिंजऱ्यात घालून रिक्षातून नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने तीनशेवर जाते, मधुमेह नसला तरी. फ्रुक्टोसामीन मागच्या दोनेक आठवड्यांचा हिशेब दाखवतं, त्यामुळे निदानात शंका उरत नाही.

पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी पाळा: ठरलेली वेळ, प्रत्येक सुईआधी साखर मोजणं आणि वही. दूध आजच बंद करा, पण दाणे या आठवड्यात बदलू नका. दाणे सोडून ओलं खाणं सुरू केलं की साखर दोन-तीन दिवसांत शंभराने खाली येऊ शकते, आणि काल बरोबर असलेलं १ युनिट आज जास्त ठरतं. सुई आणि खाणं एकाच आठवड्यात बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.

वेळ साडेसात-साडेसात ठेवा. आधी साखर, मग खाणं, मग सुई. ग्लार्जिनचा जोर साधारण ४ ते ८ तासांनी सर्वांत जास्त असतो, म्हणजे साडेअकरा ते साडेतीन. त्या वेळी घरी कुणीतरी हवं, म्हणून शनिवार योग्यच. सोमवारपासून कुणी नसेल तर तेवढे दोन दिवस दुपारचे आकडे नक्की घ्या.

संध्याकाळी लोकल रखडली तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतं. तीन तासांहून जास्त उशीर झाला तर ती सुई सोडून द्या आणि पुढची वेळेवर द्या. राहिलेली सुई भरून काढायला दोन सुया जवळजवळ देऊ नका. एक सुई चुकली तर साखर थोडी चढते, एवढंच. एक सुई जास्त झाली तर जीव जाऊ शकतो.

एक विचारायचं राहिलं: गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याला स्टेरॉइड दिलं होतं का? खाजेसाठी, हिरड्यांसाठी?

कोलशेत_चौथा_मजला
हो, खाजेसाठी दीड महिन्यापूर्वी इंजेक्शन दिलं होतं, बरेच दिवस असर राहणारं.

खारफुटी_ऐरोली
मग हे डॉक्टरांना आजच सांगा. स्टेरॉइडमुळे इन्सुलिन लागू पडत नाही आणि ते इंजेक्शन शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं. ते ओसरत जाईल तशी इन्सुलिनची गरज आपोआप घटेल. म्हणजे तुमच्याकडे साखर अचानक खाली येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. रोज गोळी चालू असती तर ती मनाने बंद करू नका म्हणालो असतो, तीही डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

औषधवाला_नेरूळ
सिरिंजबद्दल लिहितो, कारण सगळ्यात धोकादायक चूक इथे होते.

आपल्याकडे दुकानात दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल झाकणाची यू-४० (मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी) आणि नारिंगी झाकणाची यू-१०० (मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी). माणसांच्या स्वस्त इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा ४० युनिटच्या असतात, म्हणून काउंटरवरचा पोऱ्या सवयीने लाल झाकणाची देतो. ग्लार्जिन १०० युनिटचं असतं: लॅन्टस घ्या, बेसालॉग घ्या, ग्लॅरिटस घ्या. लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ते भरलंत तर आत अडीच युनिट जातात. पिशवी घरी नेण्याआधी झाकणाचा रंग आणि लेबलवरचा १०० चा आकडा दोन्ही काउंटरवरच बघा. टूजिओ हेही ग्लार्जिनच, पण मिलीला ३०० युनिटचं. त्यातून सिरिंजने कधीच काढू नका.

सिरिंज ०.३ मिलीची, ३१ नंबरच्या सुईची, शक्यतो अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मागा. ती प्रत्येक दुकानात नसते, मागवून घ्यावी लागते. १ मिलीच्या सिरिंजवर १ युनिट डोळ्यांनी मोजणं अवघड आहे. १ युनिट म्हणजे ०.०१ मिली, एका थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा.

मोठ्या बाटलीपेक्षा ३ मिलीचं कार्ट्रिज बरं पडतं. त्यात ३०० युनिट, तुम्हाला रोज २ लागणार. छापील नियम उघडल्यापासून २८ दिवसांचा आहे. मांजरांचे डॉक्टर फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं, काचेसारखं स्वच्छ दिसणारं जास्त दिवस वापरू देतात, तो निर्णय त्यांना विचारून घ्या. गढूळ दिसलं, तंतू दिसले किंवा एकदा गोठलं तर फेका.

काढण्याची पद्धत: रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या. कार्ट्रिज उलटं धरा. आत हवा सोडू नका. हळू ओढत ३ युनिटपर्यंत घ्या, सुई बाहेर काढा, टिचकी मारून बुडबुडा वर आणा आणि जास्तीचं बेसिनमध्ये सोडत नेमक्या १ वर या. जास्तीचं परत कार्ट्रिजमध्ये ढकलू नका. हलवू नका, दुसऱ्या कशात मिसळू नका, पाण्याने पातळ करू नका, ग्लार्जिन बिघडतं. सिरिंज एकदाच वापरायची.

पेनने का नको? बहुतेक पेन एकेक युनिटनेच पुढे सरकतात, पाव-अर्धा युनिट त्यात बसत नाही.

सेक्टर_सतरा
फ्रिजमध्ये कुठे ठेवायचं? आमच्या भागात पावसाळ्यात वीज दोन-तीन तास जाते.

औषधवाला_नेरूळ
मधल्या कप्प्यात, छोट्या डब्यात. दाराला नको, दर वेळी उघडताना हिंदकळतं आणि तापतं. फ्रीझरच्या पाठीला चिकटून तर मुळीच नको. वीज दोन-तीन तास गेली तर काही होत नाही, दार बंद ठेवा. बर्फावर थेट ठेवू नका, गोठलं तर गेलंच.

शेजारची_भाटी
टोचायची जागा: मानेमागची सैल कातडी हाताला सोयीची, पण तिथे रक्तपुरवठा कमी. बरगड्यांच्या शेवटी किंवा पोटाच्या बाजूला टोचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. खाणं समोर ठेवा. खाता खाता दोन बोटांनी कातडी तंबूसारखी उचला, तंबूच्या तोंडातून आडवी सुई आत, दट्ट्या दाबा, दोन सेकंद थांबा, बाहेर. नंतर बोट फिरवून केस ओले आहेत का बघा आणि वास घ्या, इन्सुलिनला दवाखान्यासारखा उग्र वास असतो. केस ओले लागले तर सुई आरपार गेली किंवा केसांतच सुटली. तरीही दुसरी द्यायची नाही. किती आत गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. वहीत "केसांत" लिहा आणि पुढच्या वेळेची वाट बघा.

आता कान, साखर मोजायला रक्ताचा थेंब तिथूनच घ्यायचा. बहुतेक लोक इथे हार मानतात, आणि कारण एकच असतं: कान थंड असतो.

जुन्या सुती मोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये वीसेक सेकंद ठेवा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. कोमट मोजा कानाला मिनिटभर धरा. कान उजेडासमोर धरला की कडेने जाणारी शीर दिसते. त्या शिरेत टोचायचं नाही, शीर आणि कानाची कड यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी आहे तिथे टोचायचं. तिथे व्हॅसलीनचा पुसटसा हात फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता मण्यासारखं उभं राहतं. कानामागे टिश्यूची घडी धरा, नाहीतर लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) तुमच्या बोटात शिरतं. लॅन्सेट २६ किंवा २८ नंबरचं घ्या. ३३ नंबरचं बारीक असतं, नव्या कानातून त्याने रक्त येत नाही. स्पिरिट लावू नका, झोंबतं आणि आकडाही बिघडतो.

मणी उभा राहिला की मीटरच्या पट्टीचं टोक बाजूने टेकवा, ती स्वतः ओढून घेते. मग टिश्यू दाबून धरा, पूर्ण मिनिटभर. अर्ध्यात सोडलंत तर कान निळा पडतो आणि पुढच्या वेळी त्याला दुखतं. लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. आकडा मिळाला नाही तरी तुकडा द्यायचा. चार-पाच दिवसांत मोजा बघितला की तो स्वतः येऊन बसतो.

पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. आपल्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की उघडी राहिलेली पट्टी वाटेल तो आकडा दाखवते.

कोलशेत_चौथा_मजला
आईचं मीटर चालेल की प्राण्यांचं वेगळं घ्यायचं?

शेजारची_भाटी
चालेल, लॅन्सेट मात्र वेगळी ठेवा. मांजराच्या रक्तातली जवळजवळ सगळी साखर पातळ द्रवात असते, तांबड्या पेशींत फार थोडी. माणसात तसं नसतं. त्यामुळे माणसांचं मीटर मांजरात खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांचं मीटर अचूक, पण त्याच्या पट्ट्या महाग आणि मागवाव्या लागतात. सध्या आहे त्यावरच राहा आणि मध्येच मीटर बदलू नका.

पावणेआठची_लोकल
आमच्या शेजारी कारल्याचा रस देतात. आणि घरात मेटफॉर्मिन आहेच, तीच अर्धी दिली तर सुया टळतील ना?

खारफुटी_ऐरोली
दोन्ही नको. मेटफॉर्मिन मांजरात साखर आटोक्यात आणत नाही. कारल्याचा रस घशात ओतला तर मांजर खाणं सोडतं, आणि मधुमेही मांजराने खाणं सोडणं हे फार मोठं संकट. माणसांच्या साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्याही घरातल्या घरात देऊ नका. त्या वर्गातल्या मांजरांसाठीच्या दोन औषधांना अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण त्यांच्यावर असताना साखर कमी दिसत असूनही रक्तात कीटोन चढू शकतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीचं.

निदान ताजं असताना वेळेवर इन्सुलिन आणि योग्य खाणं दिलं तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं. म्हणून पहिले काही महिने सुई टाळण्यात घालवू नका.

सेक्टर_सतरा
खाण्याचा हिशेब मांडतो, दुसऱ्या आठवड्यासाठी.

पाकिटावर कर्बोदकं लिहिलेली नसतात. १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख वजा करा, उरतं ते कर्बोदक. राख लिहिली नसेल तर ओल्यात २, कोरड्यात ८ धरा. मग प्रथिनं गुणिले ३.५, चरबी गुणिले ८.५, कर्बोदक गुणिले ३.५.

कोरडे दाणे, प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, पाणी १०, राख ८. कर्बोदक ३४. उष्मांक ११२ + १०२ + ११९ = ३३३. कर्बोदकांचा वाटा ११९, म्हणजे जवळपास ३६ टक्के.
ओलं पाकीट, प्रथिनं ९, चरबी ४, तंतू अर्धा, पाणी ८२, राख २. कर्बोदक २.५. उष्मांक ३१.५ + ३४ + ८.७५, म्हणजे ७४. वाटा १२ टक्के.

लेबलवरचे आकडे "किमान" आणि "कमाल" असतात, त्यामुळे हा अंदाजच. १० ते १२ टक्क्यांच्या आत राहायचं. ग्रेव्हीवाल्या पाकिटात दाटपणासाठी पीठ किंवा स्टार्च असतं, लगद्यासारखं मिळतं ते बहुधा बरं.

बंदररोड
एवढं कशाला? उकडलेलं चिकन आणि बांगडा द्या, कर्बोदक शून्य.

सेक्टर_सतरा
कर्बोदक शून्य हे खरं, पण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. काही महिन्यांत हाडांना त्रास होतो. टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य) उकळताना पाण्यात उतरतं, ते पाणी आपण ओतून देतो, आणि टॉरिन कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतात. वरचा खाऊ म्हणून थोडं चिकन चालेल, मुख्य जेवण ओलं संपूर्ण आहाराचं पाकीट. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून टॉरिन-कॅल्शियमचं मोजमाप लिहून घ्या. चिकन उकळताना कांदा-लसूण नको, मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट-बोंबील बऱ्याचदा खारवलेले असतात, तेही नकोत. दूध-पोळी, दहीभात कायमचं बंद.

बंदररोड
कॅल्शियमचं लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे.

सेक्टर_सतरा
बदल सात दिवसांत करा, रोज थोडे दाणे कमी, थोडं ओलं जास्त. वजन उतरवायला उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचते आणि त्यातून ते दगावू शकतं. आठवड्याला वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घट पुरे, तुमच्या बोक्याला ६० ग्रॅम.

शेजारची_भाटी
सुई सुरू होण्याआधी हे एका डब्यात भरून ठेवा: मध, साधा ग्लुकोज डी, ग्रेव्हीचं एक पाकीट, बोथट सिरिंज, दवाखान्याचे नंबर.

साखर खाली गेल्याची खूण: अचानक वखवख, डगमगणं, बुबुळं मोठी, कोपऱ्यात टक लावून बसणं, मग थरथर आणि झटके. माणसांच्या मीटरवर ६० च्या खाली आकडा आला तर खूण दिसो न दिसो, ग्रेव्ही खायला द्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. डगमगत असेल पण गिळता येत असेल तर पाव चमचा मध हिरड्यांना चोळा, मग खाणं. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. बोटाने मध फक्त हिरडीला चोळा, बोट दातांच्या मध्ये नेऊ नका, आणि चोळत चोळतच दवाखाना गाठा. सावरला तरी कित्येक तास मोजत राहा. मध अर्ध्या तासात संपतो, ग्लार्जिन संपत नाही.

रात्री कोणता दवाखाना खरोखर उघडा असतो हे आजच फोन करून विचारा. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे, पण घोडबंदर रोडची कोंडी धरून झटके आलेल्या मांजरासाठी ते फार लांब. ठाण्यातलं जवळचं नाव हवं.

औषधवाला_नेरूळ
कीटोनसाठी पट्टी घेताना केटो-डायस्टिक्स मागा. युरिस्टिक्स दिली तर परत करा, ती साखर आणि प्रथिनं दाखवते, कीटोन नाही. लघवी घ्यायला स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा डाव लिटरमध्ये मागून हळूच सरकवा. पट्टी बुडवून कीटोनचा चौकोन १५ सेकंदांनी, साखरेचा ३० सेकंदांनी वाचा. आठवड्यातून दोनदा बघा, आणि तो जेवला नाही, ओकला किंवा मलूल दिसला तर लगेच. कीटोनचा चौकोन गुलाबी झाला आणि मांजर जेवत नसेल तर त्याच तासात दवाखाना.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून चिकटपट्टी. ओल्या-सुक्यात टाकू नका, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं सांगून द्या. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागते ती.

कोलशेत_चौथा_मजला
आठवा दिवस, १ युनिट, दाणे तेच. दर दोन तासांनी मोजलं:
साडेसात ३१२, साडेनऊ २६८, साडेअकरा १९६, दीड १४२, साडेतीन १५८, साडेपाच २२१, साडेसात २८४.
सकाळ-संध्याकाळ तीनशेच्या आसपासच आहे. डोस दीड करायचा का?

खारफुटी_ऐरोली
वाढवू नका असं मला वाटतं, डॉक्टरांना हेच आकडे जसेच्या तसे पाठवा. डोस ठरवताना सुईआधीचा आकडा बघायचा नसतो, तळ, म्हणजे दोन सुयांमधला सर्वांत कमी आकडा, बघायचा असतो. तुमचा तळ सहा तासांनी १४२ आहे. दाणे चालू असूनही १४२! ओलं खाणं सुरू झालं की हाच तळ ८०-९० वर येईल. आज दीड केलं असतं तर आठवड्याने अडचण झाली असती. वाढवायची वेळ आलीच तर पाच-सात दिवसांनी, पाव किंवा अर्ध्या युनिटने, त्याहून घाई नाही.

आता खाणं बदला. बदलाच्या आठवड्यात सुईआधी मोजणं एकदाही चुकवायचं नाही. सुईआधी २०० च्या खाली आलं तर नव्या माणसाने सुई देऊ नये: खायला न देता वीस-तीस मिनिटं थांबा, परत मोजा.

कोलशेत_चौथा_मजला
बदलाचा सहावा दिवस. आत्ता साडेसातला १४८. भांड्याभोवती ओरडतोय. काय करू?

खारफुटी_ऐरोली
खाणं उचलून ठेवा. आठला परत मोजा. आकडा इथे लिहा आणि डॉक्टरांना फोन लावा.

कोलशेत_चौथा_मजला
आठला १५१. डॉक्टर म्हणाले आत्ताची सुई वगळा, खायला द्या, रात्री साडेसातला २०० च्या वर असेल तर अर्धा युनिट. अर्ध्या रेघांच्या सिरिंज आल्यात.

खारफुटी_ऐरोली
अगदी बरोबर. आता द्या त्याला खायला. आणि वहीत आत्ताच "वगळली" असं स्पष्ट लिहा, घरातल्या दुसऱ्या माणसाने चुकून परत देऊ नये म्हणून.

असंच उतरत राहिलं तर डॉक्टर पाव युनिटपर्यंत आणून मग थांबवतील. इन्सुलिनशिवाय दोन आठवडे आकडे नेहमीच्या मर्यादेत राहिले की सुटलं म्हणायचं. त्यानंतरही दाणे परत नाहीत, आठवड्याला एकदा कान, महिन्याला वजन, आणि खाजेसाठी पुन्हा कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन काढलं तर आधी मधुमेहाचा इतिहास सांगायचा. फायलीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

शेजारची_भाटी
तांदळाचा मोजा टाकू नका. दर रविवारी लागेल.